विमानाच्या तेलातलं पाणी

बहात्तरच्या दुष्काळात सोलापुरात पाणी मिळत नव्हतं, आणि ते सापडलं कुठं, तर विमानाच्या टाकीत! घातलं होतं मीच.

धावपट्टीवर तेल भरायला मी टेम्पररी होतो. दुष्काळाच्या पाहणीला साहेबांना घेऊन एक लहान जेट यायचं. थाट लई, पण पितं शेवटी रॉकेलच, जरा गाळीव. त्याची पिंपं माझ्या ताब्यात. एका रिकाम्या पिंपात मी टँकरचं पाणी साठवून घरी वापरायला न्यायचो. तळाला चार बोटं राहिलं आणि त्यातच मी नवं तेल ओतलं. अक्कल गहाण, दुसरं काय!

भरण्याआधी काचेच्या बरणीत नमुना काढायचा. पाणी असलं तर तेलाखाली रेघ दिसते. पंपाची नळी तळाला टेकलेली, बरणीत आलं ते निव्वळ पाणी. रेघ दिसणार कशी? वास म्हणाल, तर माझ्या हातांनाच बारा महिने रॉकेलचा वास. म्हटलं, वा, काय नितळ तेल हाय!

विमान बार्शीकडं फिरून आलं. उतरताना नाक खाली झालं, टाकीतलं पाणी सरकलं आणि इंजिनचा आवाजच बसला. पायलटनं कसंबसं ते धावपट्टीच्या अलीकडच्या ज्वारीच्या रानात टेकवलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

चौकशीला तीन साहेब आले. टाकी रिकामी? नाही. गाळणी तुंबली? नाही. तेल दुसरंच? नाही. टाकीत वरून डोकावले, तळ कुणी बघितलाच नाही. मग उरली पायलटची चूक. त्याचं लायसन जाणार होतं. पिंपाच्या तळाचं ते चार बोटं पाणी मला रात्री आठवलं होतं. सकाळी मी पायलटपाशी सगळं कबूल केलं होतं, आता साहेबांसमोर उभा राहिलो. "साहेब, तेलात पाणी व्हतं. मीच..."

मोठे साहेब भडकले. "जिल्ह्यात थेंब नाही म्हणून अहवाल परवाच वर गेलाय, आणि तुझ्या पिंपात पाणी? हे लिहिलं तर उद्या टँकर बंद होतील! गावाला तहानेनं मारतोस काय रे?"

'तेल स्वच्छ होतं' असा कागद पुढं सरकवला. पर्मनंट करू, असंही म्हणाले. मी सही केली.

बाहेर बाकड्यावर पायलट बसला होता. उठून म्हणाला, "सांगितलंत का त्यांना?"

"सांगितलं की."

त्यानं माझे दोन्ही हात धरले. "फार उपकार झाले तुमचे," म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरी सहीचं मी बोललो नाही.