उजवा कोपरा

मी अमेरिकन फुटबॉलचा बचावपटू होतो आणि पुढे कोच झालो, हे गावी सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्या बायकोकडे बघतात. तीही मान हलवून दुजोरा देते, पण अशी की जणू माझ्या जुनाट दुखण्याची कुणी चौकशी केली आहे.

सौदीत मात्र कुणाला नवल वाटलं नाही. माझ्या पहिल्या इकाम्यावर, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्यावर, पेशा ‘सुतार’ असा लिहिलेला होता. मला बोलावून घेणाऱ्या कफीलाकडे सुताराचाच व्हिसा शिल्लक होता, म्हणून मी सुतार. प्रत्यक्षात मी अबकैकला तेलाच्या प्रकल्पात स्कॅफोल्डिंग तपासतो आणि आयुष्यात एक खिळा सरळ ठोकलेला नाही. असा माणूस सुतार होऊ शकतो, तर फुटबॉलपटू का नाही?

घडलं ते एका शब्दामुळे. प्रकल्पातल्या लोकांच्या सहलीत आम्ही रत्नागिरी-रायगडकडच्या मंडळींनी वाळूत कबड्डी मांडली होती. माझा अमेरिकन साहेब कडेला उभा राहून बघत होता. डाव संपल्यावर त्याने विचारलं, “तू कुठल्या जागेवर खेळतोस?”

“राइट कॉर्नर,” मी छाती फुगवून सांगितलं. “सात वर्षं. गावच्या संघातून.”

कबड्डीत उजव्या कोपऱ्यावरचा गडी चढाईपटूचा घोटा धरतो. साहेबाच्या खेळातही कॉर्नर नावाचा बचावपटू असतो, हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या गावात त्याचा खेळ कुणी पाहिलेला नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने माझा हात हातात घेऊन दणादण हलवला आणि पुढच्या शुक्रवारी मी त्याच्या संघात होतो.

आमचा खेळ टीव्हीवर दिसतो तसा हेल्मेटवाला नव्हता. प्रत्येकाच्या कमरपट्ट्याला दोन फिती लोंबतात. चेंडू घेऊन पळणाऱ्याची एक फीत ओढली की तो तिथेच थांबला. अंगाला हात लावायचा नाही. सात वर्षं लोकांचे घोटे धरलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे मटण शिजव पण चाखू नकोस म्हणण्यासारखं आहे.

पहिल्याच सामन्यात एक लांबलचक अमेरिकन माझ्या खांद्याला घासून गेला आणि थेट शेवटच्या रेषेपार पोचला. मी मुकाट्याने मैदानाबाहेर जाऊन बसलो. आपल्यातल्या कुणीतरी गुण मिळवावा आणि मला परत आत घ्यावं, याची वाट बघत बसलो. साहेब धावत आला.

“लागलं का कुठे?”

“नाही. तो मला हात लावून पलीकडे पोचला. मी बाद.”

साहेबाने मला दंडाला धरून परत आत नेलं. इतका प्रामाणिक बचावपटू त्याच्या देशाने पाहिला नसावा.

अशा थाटात मी चार हंगाम खेळलो. माझ्या नावावर फिती कमी आणि घोटे जास्त. साहेब निवृत्त होऊन निघाला, तेव्हा त्याने आपली शिटी माझ्या गळ्यात अडकवली आणि “यल्ला, कोच!”, म्हणजे ‘चल, लाग कामाला’, म्हणाला. निवड समितीची बैठक एवढीच झाली.

पुढे कंपनीच्या वसाहतीतल्या मुलींचा संघ उभा राहिला आणि त्यात माझी मुलगी आली. ती दहावीत होती. लहानपणी माझं डोकं खायची, पण मोठी झाली तशी माझ्या वाट्याला ‘ओके’ आणि ‘फाइन’ हे दोनच शब्द उरले. दहावीनंतर तिने पुण्याला मावशीकडे शिकायला जायचं, हे ठरलेलं होतं. म्हणजे माझ्या हातात एकच हंगाम होता. खरं सांगतो, मला फुटबॉलचं काही पडलेलं नव्हतं. आठवड्यातून दोन तास ती माझं ऐकायची, विचारलं तर उत्तर द्यायची, तेवढ्यासाठी मी उन्हात शिटी फुंकत होतो.

हंगाम निम्मा झाला आणि रियाधहून रीतसर प्रमाणपत्र असलेली कोच आली. तरुण सौदी बाई, बोलायला फार अदबशीर. तिने मला सहाय्यक म्हणून ठेवून घेतलं. पण संघ हरतच राहिला, आणि दर वेळी भगदाड पडायचं ते माझ्याच मुलीच्या बाजूने. कोचबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, “हिचे पाय उत्तम आहेत. पण ऐन वेळी हिची नजर कुठे असते?” मी म्हटलं, घरी तरी फोनमध्ये असते. मनात म्हटलं, बापावर गेली, दुसरं काय.

आणखी एक सामना गेला, तेव्हा बाईंनी एकेका मुलीला काय बदलायला हवं ते विचारलं. नंतर माझ्याकडे येऊन त्या शक्य तितक्या हळुवारपणे म्हणाल्या, “तुमच्या मुलीचं म्हणणं आहे, सहाय्यक कोच नको.”

राग आला, आणि रागापेक्षा वाईट वाटलं. गाडीत बसल्यावर मी एसी सुरू केला, पण गाडी काढली नाही.

“माझी लाज वाटते तुला?”

ती खिडकीबाहेर बघत होती. ‘फाइन’ म्हणेल असं वाटलं. पण ती घरच्या भाषेत बोलायला लागली, अडखळत, शब्द शोधत.

“नाय अब्बा. पळणारीच्या कमरेकडं बघायचं असतं. मी बघतच नाय. मी तुमच्याकडं बघते. ती सुटली तर तुमचं तोंड कसं होईल, ते बघते. तेवढ्यात ती सुटते.”

एवढं लांबलचक ती माझ्याशी तीन वर्षांत बोलली नव्हती. आणि जे बोलली ते मला काढून टाकण्याबद्दल होतं.

“ओके,” मी म्हटलं. त्या घडीला मलाही तेवढंच सुचलं.

पुढच्या शुक्रवारी मी तिला मैदानाच्या फाटकाशी सोडलं. गाडी मैदानाकडे पाठ करून लावली, आतला आरसा छताकडे वळवला आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसलो. थोड्या वेळाने मागून मुलींचा मोठा गलका उठला. मी समोरच्या भिंतीकडे बघत राहिलो.