चारशे बाराचा चौथा

माझे काका वजनं तपासायच्या खात्यात निरीक्षक होते. दुकानातला काटा खरा आहे की दुकानदाराच्या सोयीचा, हे बघायचं आणि खरा असेल तर शिक्का मारायचा, एवढंच काम. पण ते त्यांनी छत्तीस वर्षं इतक्या इमानाने केलं, की घरातही आम्ही त्यांना काटेकाका म्हणायला लागलो. लग्न त्यांनी केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "राहून गेलं." माझं खासगी मत असं, की त्यांच्या मापात बसेल एवढी बिनचूक बाई अजून जन्माला आलेली नाही.

काका चुकत नाहीत, हे आमच्या घरात सगळ्यांनी मान्य केलेलं होतं. काका स्वतः त्याचा गर्व वगैरे करायचे नाहीत. आपली उंची पाच फूट सात इंच आहे हे माणूस जसं सांगतो, तसं ते सांगायचे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी टीव्हीवर एक मालिका पाहिली. तिच्यात माणसं चिमुकल्या ग्रहावर उतरून अगदी बाजारात हिंडावं तशी हिंडत होती. काका दोन दिवस धुसफुसत होते. "एवढ्याशा ग्रहावर हा माणूस एका उडीत गच्चीवर जाईल! काही हिशेब आहे की नाही?" ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा प्रोग्राम लिहायला ते पुस्तकावरून शिकले होते. ते पुस्तक कपाटातून निघालं, आणि पुढचे आठ महिने जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागावर लॅपटॉपचं राज्य सुरू झालं.

त्यातून जे तयार झालं ते असं. कुठलाही एक आकडा द्यायचा. त्या आकड्यावरून प्रोग्राम एक तारा काढायचा, मग त्याच्याभोवतीचे ग्रह, आणि प्रत्येक ग्रहाची सगळी कुंडली: आसाचा कल किती, डोंगर किती उंच, दिवस केवढा, वर्ष केवढं, समुद्र किती, खंड किती, नद्या किती, चंद्र किती. शेवटचा रकाना खास काकांचा होता. तिथे एक किलोचं वजन किती भरेल? त्याच्याखाली बारीक अक्षरात, "स्प्रिंगच्या काट्यावर." कारण पारड्याच्या तराजूत एक किलो कुठेही एक किलोच भरतो, आणि ही गोष्ट लपवणं म्हणजे काकांच्या लेखी फसवणूक.

"हे ग्रह आहेत कुठे?" मी विचारलं.

"कुठेच नाहीत."

"मग?"

"नाहीत. पण असते, तर बरोबर असते."

मला हसू आलं. पण त्या प्रोग्रामने आमच्या आत्याला उठवून बसवलं, हे मी स्वतः पाहिलं आहे.

आत्या काकांची मोठी बहीण. तेहेतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. आमचे आतोबा गेले, तेव्हा काका तिला आपल्याकडे घेऊन आले. पहिलं वर्षभर ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असायची. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची. मी दोन गल्ल्या सोडून राहते, दर रविवारी जायची आणि घरी येताना जीव थोडा थोडा व्हायचा.

मग एक दिवस काकांनी लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. "ताई, एक आकडा सांग."

तिने चारशे बारा सांगितला. शाळेतल्या तिच्या कपाटाच्या किल्लीवर तो कोरलेला होता. चारशे बाराला पिवळसर तारा निघाला, भोवती सात ग्रह. त्यातला चौथा तिने बराच वेळ वाचला आणि म्हणाली, "याचा कल बघ. हिवाळे कडक असणार इथे."

"उद्या हाच परत दिसेल?" तिने विचारलं.

"आज दे की दहा वर्षांनी दे. चारशे बाराला हाच ग्रह येणार," काका म्हणाले. "त्यात फरक होणं शक्य नाही."

दुसऱ्या दिवशी आत्याने जाड वही आणि पेन्सिल मागवली. ती त्या ग्रहाचं भूगोलाचं पाठ्यपुस्तक लिहू लागली. प्रोग्राम नुसते आकडे द्यायचा. नद्या कुठून कुठे वाहतात, त्यांची नावं काय, बंदरं कुठे, हे आत्याचं. दर पाठाखाली स्वाध्याय. "कारणे द्या: उत्तरेकडील लोक दारं दक्षिणेला ठेवतात." रविवारी गेले की ती माझी तोंडी परीक्षा घ्यायची, आणि माझे गुण पाहून तिला जो आनंद व्हायचा तो शिक्षकालाच होऊ शकतो. आत्या बोलायला लागली, चिडायला लागली, काकांच्या चहाला नावं ठेवायला लागली. आम्हाला आणखी काय हवं होतं!

मधले तीन रविवार मी तापाने घरीच होते. चौथ्या रविवारी सकाळी गेले, तर आत्या पुन्हा खिडकीजवळच्या खुर्चीत. मांडीवर वही, हातात खोडरबर, आणि पदरावर खोडरबराचा भुगा. मी वही ओढून घेतली. सहाच्या सहा पाठ खोडलेले. पहिल्या पानावर नव्याने लिहिलं होतं: "पाठ पहिला. कोरडा प्रदेश."

"अगं, हे काय? समुद्र कुठे गेला?"

"समुद्र नव्हताच," आत्या म्हणाली. "मीच काहीतरी वाचलं. नऊ टक्के पाणी आहे. चंद्रसुद्धा नाही."

"दोन होते! एक मोठा, एक लहान. त्या प्रश्नात मला शून्य दिलं होतंस तू."

"मी सांगितलं म्हणून तुला तसं वाटतं." तिने स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे काका बसले होते. मग आवाज उतरवून म्हणाली, "त्याला विचारलं मी. म्हटलं, अरे, माझा समुद्र दिसत नाही. तो म्हणाला, 'ताई, तूच विसरली असशील.' तो चुकत नाही गं. आणि तारा तोच आहे, म्हणजे आकडाही मी बरोबर दिला."

मी वही मिटून तिच्याशेजारी बसले.

"आईचं असंच सुरू झालं होतं," ती म्हणाली. "आधी गावांची नावं गेली. मग नळ बंद केला का, हे दहादा विचारायची. शेवटी मला म्हणाली, बाई, तुम्ही कोण? मी डॉक्टरांची गुरुवारची वेळ घेतली आहे. त्याला सांगू नकोस. मला भीती वाटते गं. फार भीती वाटते."

आजीचं ते शेवटचं आजारपण या दोघा भावंडांनीच काढलं होतं. आत्याचा हात मी कितीतरी वेळ धरून ठेवला. मग उठले आणि स्वयंपाकघरात गेले.

काका लॅपटॉपपुढे चष्मा कपाळावर चढवून बसले होते.

"काका, प्रोग्राममध्ये काही बदललंत?"

"छे. काहीही नाही."

"नक्की?"

"नक्की. फक्त आवरलं."

"आवरलं म्हणजे?"

"अगं, ग्रहाचे नऊ प्रश्न कसेही लिहिले होते, सुचले तसे. बरं दिसत नव्हतं. सगळे वर्णानुक्रमे लावले. उंची, कल, खंड, चंद्र..." आणि काका थांबले. चष्मा कपाळावरून आपोआप नाकावर घसरला, तरी त्यांनी तो नीट केला नाही. माणसाचा चेहरा उतरतो म्हणजे नेमकं काय होतं, ते मी त्या दिवशी जवळून पाहिलं.

त्यांनी मला जे सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. चारशे बारा दिला की प्रोग्राम आकड्यांची एक लांबलचक रांग काढतो. ती रांग कायम तीच. प्रत्येक प्रश्न उठून पुढचा आकडा उचलतो, टोकनच्या खिडकीवर उचलावा तसा. ताऱ्याचे प्रश्न आधी होते, म्हणून तारा तोच राहिला. पण ग्रहांचे प्रश्न काकांनी मागेपुढे केले, आणि ज्याचा आकडा त्याला मिळेना. त्यात प्रत्येक चंद्रासाठी एक जादा आकडा लागतो. पहिल्याच ग्रहाला एक चंद्र कमीजास्त झाला, की चौथ्यापर्यंत सगळंच सरकतं. समुद्र आटायला तेवढं पुरे होतं.

"जुनी प्रत?"

"ठेवली नाही." ते हळूच म्हणाले, "कधी लागली नव्हती."

"मग आता?"

"तिला आत्ता काही बोलू नकोस. मी आधी दुरुस्त करतो, मग..."

मी खरंच भडकले. "काका, ती गुरुवारी डॉक्टरांकडे चालली आहे. तिला वाटतंय आजीसारखं होतंय. तुम्ही तिला काय म्हणालात, आठवतंय?"

काकांना आठवलं. खुर्ची मागे सरकवून ते उठले, सरळ खिडकीपाशी गेले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "ताई, चूक माझी आहे. समुद्र होता. मी घालवला."

छत्तीस वर्षांच्या नोकरीत आणि अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. आणि दुर्दैव असं की आत्याला ते खरंच वाटेना.

"राहू दे रे," ती म्हणाली. "आईलाही तू असंच म्हणायचास. नळ मीच उघडा ठेवला म्हणायचास. समजूत काढायची तुझी जुनी सवय आहे."

मला वाटलं, संपलं आता. ही कायम असंच समजणार. पण काका तपासणीस होते, आणि समजूत काढण्यापेक्षा तपासणी त्यांना चांगली जमते. त्यांनी आत्याची खुर्ची जेवणाच्या टेबलाशी आणली आणि तिला लॅपटॉपकडे पाठ करून बसवलं. कोरा कागद घेतला.

"तुला जे आठवतं ते सांग. मी आधी लिहून घेतो. प्रोग्राम नंतर."

"चुकेल."

"चुकलं तर चुकलं. सांग."

आत्याने डोळे मिटले. "समुद्र एकसष्ट टक्के. खंड पाच. मोठ्या नद्या नऊ. दिवस एकतीस तास बारा मिनिटं. कल... सत्तावीस. चंद्र दोन. एक किलोचे आठशे साठ ग्रॅम." सगळ्यात उंच डोंगराची उंची सांगताना ती अडखळली. "अकरा हजार चारशे. की तीनशे? चारशे. वर्ष पाचशे सहा दिवसांचं."

काकांनी कागदाखाली तारीख घातली आणि कागद माझ्या हातात दिला. "पंच तू."

नऊपैकी पहिल्या पाच प्रश्नांचा मूळ क्रम त्यांना पक्का आठवत होता. उरलेल्या चारांचा आठवत नव्हता. चार गोष्टींच्या रांगा होतात चोवीस. त्यांनी एकेक रांग लावायला घेतली. मी पडद्यावरचा चौथा ग्रह बघायची आणि "नाही" म्हणायची. पहिली रांग, नाही. दुसरी, समुद्र चाळीस टक्के, नाही. सातवीला चंद्र दोन आले म्हणून मी "थांबा" म्हणाले, पण दिवस होता नऊ तासांचा. दर "नाही"ला आत्याची मान आणखी खाली जात होती. पंधरावीनंतर ती म्हणाली, "पुरे कर रे." काकांनी ऐकलं नाही. त्यांच्या कपाळावर घाम होता. मला कळत होतं की चोवीस संपल्या आणि काहीच जुळलं नाही, तर हा माणूस बहिणीला पुन्हा कधीच काही पटवू शकणार नाही. मी मनातल्या मनात मोजत होते, सहा उरल्या, पाच उरल्या.

विसावी रांग लागली. मी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "समुद्र एकसष्ट टक्के."

मी कागदावरच्या पुढच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"खंड पाच. नद्या नऊ. दिवस एकतीस तास बारा मिनिटं. कल सत्तावीस. चंद्र दोन. आठशे साठ ग्रॅम. वर्ष पाचशे सहा." मी कागद पडद्याला लावून शेवटचा आकडा दोनदा पाहिला. "डोंगर अकरा हजार चारशे."

"तीनशे नाही?" आत्याने पाठमोरीच विचारलं.

"चारशे. नऊच्या नऊ बरोबर आहेत, आत्या. एकही चूक नाही."

आत्या वळली. पडदा तिने स्वतः वाचला, वरून खाली, बोट ठेवून. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून ती रडली, आणि रडता रडताच हसायला लागली. "मला आठवत होतं," ती म्हणाली. "सगळं आठवत होतं रे मला!" छातीवरचा धोंडा उतरणं म्हणतात ते हेच. मलाही रडू आवरेना. काका उठून नळाशी गेले आणि तोंडावर पाणी मारत बराच वेळ तिथेच उभे राहिले.

ते परत आले तेव्हा आत्याला पूर्वीचा आवाज सापडला होता. "आणि काय रे, तुला आवरायला सांगितलं कुणी होतं? स्वतःचं कपाट आवरत नाहीस!"

"चुकलो," काका म्हणाले.

"परत म्हण."

"चुकलो, ताई."

एवढ्यावर तिने त्यांना सोडलं. काकांनी लगेच प्रोग्रामच्या तीन प्रती करून तीन ठिकाणी ठेवल्या, त्यातली एक माझ्याकडे. मी चहा केला. आत्याने वही पुढे ओढली, कोरड्या प्रदेशाचं पान फाडून टाकलं आणि पेन्सिलीला टोक केलं.

"पाठ पहिला, समुद्र," असं म्हणत ती लिहायला लागली. पडद्याकडे तिने पाहिलं नाही. नऊ नद्या तिने उगमापासून मुखापर्यंत, नावांसकट, न थांबता लिहिल्या. काका सवयीने पुढे वाकले, आकडे पडताळून बघायला. मग त्यांनी लॅपटॉप मिटला, खुर्चीत मागे टेकले आणि ती लिहीत होती ते नुसतं बघत बसले.