कूस न बदलता

मी सगळ्यात जास्त कोणाचा ऋणी असेन तर माझ्या मावशीचा. ती हसनाबादला राहते. मी चौथीत असताना आई गेली. वडील मजुरीसाठी गावोगाव फिरायचे. तेव्हा आईच्या या थोरल्या बहिणीनं मला घरात घेतलं, बकऱ्या पाळून शाळा शिकवली आणि पुढं जालन्याच्या कॉलेजात घातलं. आमच्यात पदवी घेतलेला मी पहिला. पण तिनं दिलेल्यातलं जे मी आता रोज वापरतो, ते पदवी नाही. सकाळी उठायचं कसं, ते.

मावशीच्या घरी स्वप्न सांगायची रीत होती. जाग आली की कूस बदलायची नाही. डोळे मिटूनच स्वप्नाचा शेवट धरायचा आणि तिथून मागं मागं जायचं. मग तोंडाला पाणी लागायच्या आत चुलीपाशी बसलेल्या मावशीला ते सांगायचं. गेलेलं माणूस स्वप्नात आलं असेल तर तिचा एकच प्रश्न असायचा, काय मागितलं? आईनं गूळ मागितला असेल तर त्या दिवशी दारात येणाऱ्या पहिल्या माणसाच्या हातावर मावशी गूळ ठेवायची.

मावशीच्या स्वप्नात मात्र आई कधी आली नाही. शेवटच्या आजारात आईला उसाचा रस प्यावासा वाटला होता. डॉक्टर नको म्हणाले, म्हणून मावशीनं दिला नाही. आई रुसून गेली, असं मावशीनं मनाशी धरून ठेवलं. आई रस मागते का, हे तिनं मला कधी विचारलं नाही. पण मी स्वप्न सांगत असलो की भाकर थापणारा तिचा हात थांबायचा.

मग मला जालन्यात बियाण्याच्या कंपनीत नोकरी लागली. माल पाठवायचं काम. पेरणीच्या आधी पहाटेपासून गाड्या लागतात. अलार्म वाजला की डोळे पुरते उघडायच्या आत माझा अंगठा फोनवर जायचा. वर्षं गेली आणि स्वप्नं आठवेनाशी झाली. शहरात राहायचं तर असंच, अशी मी समजूत घालून घेतली.

या उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा मावशीनं विचारलं, आई येते का? तिला आता ऐकू कमी येतं. मी तिच्या कानाशी मोठ्यानं म्हणालो, "येत असन मावशी. उठल्यावर ध्यानात राहत न्हाई. टाइमच भेटत न्हाई."

मावशी म्हणाली, "ती येऊन जाती अन् तुला पत्ता न्हाई? मंग मी कोणाला इचारू? ती रुसली का न्हाई, तेवढं मला जायच्या आधी कळू दे."

भोकरदनच्या रस्त्यानं गाडीवर परत येताना मला संताप आला. टाइम भेटत नाही, हे वाक्य मी इतक्या सहज बोललो होतो याचा. स्वप्नासाठी लागतात किती, दहा मिनिटं. तेवढी सुद्धा मी कोणाला न विचारता देऊन टाकली होती. ती परत घ्यायची, असं ठरवलं.

फोनवर वाचून पाहिलं. आठ तास झोप घ्या, मन शांत ठेवा. आठ तास झोपणाऱ्याला असले सल्ले लागत नसतील. मी मावशीचीच रीत धरली. फोन स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर ठेवायला लागलो. अलार्मनं दचकलं की स्वप्न तुटतं, म्हणून बायकोला सांगितलं की न बोलता नुसता पाय हलव. ती म्हणाली, लोक बायकोला चहा मागतात. तरी हलवायला लागली. सुरुवातीला हाती काही लागेना. एखादा रंग, एखादं दार. कणीक मळता मळता ती विचारायची, कालच्या दाराला आज कडी लागली का?

एकदा ती म्हणाली, "रुसली न्हाई म्हणून सांगून टाका की. म्हातारीला बरं वाटन."

मी नाही म्हणालो. ज्या घरात स्वप्नातल्या मागण्यासाठी खरा गूळ निघायचा, तिथं मी बनावट स्वप्न नेणार नव्हतो.

कंपनीत आमच्या साहेबांचा नियम होता, उठल्या उठल्या ग्रुपवर 'हजर' टाकायचं. माझं 'हजर' उशिरा पडायला लागलं. साहेबांनी सगळ्यांसमोर कारण विचारलं. नेटवर्कचं नाव पुढं करता आलं असतं. मी खरं ते सांगितलं. खोलीत हशा झाला. शेजारच्यानं विचारलं, "सपनाचा ओव्हरटाइम भेटतो का रं?"

मी साहेबांना म्हणालो, "माझ्यामुळं एक गाडी उशिरा सुटली असेल तर दाखवा. पण डोळे उघडल्यावरची पहिली दहा मिनिटं कंपनीची नाहीत."

साहेब म्हणाले, "शिकलेले ना तुम्ही? पदवी घेऊन असल्या गोष्टी?"

"जिनं पदवी घेऊन दिली, तिच्यासाठीच, साहेब."

दुसऱ्या दिवशी मला गोदामाच्या मागच्या फाटकावर टाकलं. तिथं सावली नाही. गेलो. 'हजर' उशिराच टाकत राहिलो.

आणि एका सकाळी बायकोनं पाय हलवला, मी हललो नाही, आणि शेवट हाताला लागला. तोंड न धुता मी तिला सगळं सांगितलं. तिचा कणकेतला हात थांबला होता. माझ्या पुस्तकांवरून माझ्याबरोबर मावशीही वाचायला शिकली होती. तिला दिसेल अशा मोठ्या अक्षरात मी त्याच दिवशी लिहिलं:

मावशी,

आई आली होती. मी कूस बदलली नाही, पाण्याला हात लावला नाही, म्हणून हे खरं समज.

तू शिकवलंस तसं शेवटून सांगतो. शेवटी मी तुझ्या दाराबाहेर उभा होतो, कारण आईनं मला बाहेर जा म्हटलं. त्याच्या आधी तुम्ही दोघी तुझ्या बाजेवर पाय वर घेऊन शेंगा खात होतात. तू काहीतरी सांगत होतीस आणि आईला हसून हसून ठसका लागला होता. त्याच्याही आधी मी तिला विचारलं, रस आणू का? ती म्हणाली, "आमचं चालू हाय. तू मधी येऊ नको." रसाचं नाव मीच काढलं. तिनं काही मागितलं नाही.

रुसलेलं माणूस असं बसतं का, ते तूच ठरव. मी पदरचं काही घातलेलं नाही. पण ती माझ्याकडं आली नव्हती गं. तुझ्याकडं आली होती. मी नुसता दारात होतो.

तू मला कधी कूस बदलू दिली नाहीस. पण तू स्वतः एक दिवस तरी पडून राहिलीस का? बकऱ्या ओरडल्या की तू ताडकन उठायचीस. आता ऐकू येत नाही तरी सवयीनं उठतेस. ती येत असेल रोज. तूच उठून जातेस.

रविवारी मी मुक्कामाला येतोय. सोमवारची सुट्टी मागितली नाही, सांगून टाकली. सोमवारी धार मी काढीन. बकऱ्या ओरडल्या तर ओरडू दे. जाग आली की तू तशीच पड, आणि तोंड धुवायच्या आत मला सांग. चुलीपाशी मी बसलेला असेन.