खालचा ड्रम

बाकीचे गुन्हे आठवायला डायरी उघडावी लागते, या एकाला लागत नाही. चंद्रपूरजवळच्या एका धावपट्टीवर गडचिरोलीच्या जंगलातले जखमी जवान हेलिकॉप्टरने आणले जात. मी तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी खबर आली : धावपट्टीवर आग विझवायला नेमलेला कर्मचारी, तिथला अग्निशामकच, विमानाचं इंधन पेटवताना सापडला.

घुग्घुसचा माणूस, वीस वर्षांची नोकरी. "घातपात करत होतास?" मी टेबलावर हात आपटला.

"घातपात माल देणाऱ्यानं केला साहेब. मी त्यानं दिलेला आग विझवायचा फेस तपासून राह्यलो होतो. तेलाची आग फेसानंच दबते, अन् त्याच्या ड्रमातला फेस टिकतच नाई. तीनदा लिहून दिलं, कोणी वाचलं नाई."

"माल पास झालाय."

"मंग मले आत टाका. पण एकदा पेटवून तं पाहा!"

दुपारी वरून फोन आला : त्याच्यावरच गुन्हा नोंदवा, विषय संपवा. माझं डोकं फिरलं. "लेखी आदेश द्या सर," म्हणालो. फोन आपटला गेला. लेखी काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पंचांसमोर लोखंडी ट्रेमध्ये इंधन पेटवलं. पुरवठादाराने उन्हात मांडलेल्या पुढच्या रांगेतला ड्रम दिला. आग विझली. वरून जळता पलिता फिरवला, तरी पुन्हा पेटली नाही. पुरवठादार हसला. अग्निशामकाचा चेहरा उतरला आणि खरं सांगतो, माझाही.

तेवढ्यात पंच म्हणून आलेला धानाचा शेतकरी बोलला, "टोपलीतले वरचे टमाटर पाहून कोणी घेते का जी? खालचा काढा."

शेडमधल्या थप्पीतला तळाचा ड्रम काढून सील तोडलं. फेस आला तसा पाणी होऊन बसला. पलिता लागताच भडका!

"उन्हानं खराब झाला असंल," पुरवठादार पुटपुटला.

"मंग पुढचा काऊन नाई झाला? उन्हात तं तोच होता," शेतकरी म्हणाला.

ठाण्यात तासाभरात कबुली मिळाली. चांगला माल फक्त पुढच्या रांगेत होता, कारण तपासणारे नमुना नेहमी तिथूनच उचलत. अग्निशामक सुटला, गुन्हा पुरवठादारावर नोंदवला. महिन्याभरात माझी बदली गडचिरोलीच्या पार टोकाला, सिरोंच्याला झाली. झाली तर झाली! कागद पास झाला म्हणून माणसाला खोटं ठरवायचं नाही, एवढं मी त्या ट्रेपाशी शिकलो.

पुढच्याच वर्षी एका जखमी शिपायाला घेऊन मी त्याच धावपट्टीवर उतरलो. अग्निशामक नळी धरून सज्ज उभा होता. मला पाहून ओरडला, "या साहेब, बिनघोर उतरा! खालचे बी पाहून ठेवले आहेत."