बोंडूला परदेशी न नेण्याचा खर्च : रत्नागिरी ते बुरोंडी, दोन खाड्या ओलांडून

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. बाजारात प्रत्येक भेंडीचं टोक मोडून बघणारी बाई मी. महेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, नेदरलँड्समधल्या एका बंदरात क्रेन-दुरुस्तीची नोकरी लागली, तेव्हा ती कंपनी खरी आहे का हे मी तीन ठिकाणी विचारलं. खरी निघाली. महेश दिवाळीनंतर गेला. मी आणि आमची अकरा वर्षांची इरा एप्रिलच्या सुरुवातीला जाणार असं ठरलं. राहिला बोंडू.

बोंडू आमचा कुत्रा. गावठी, सहा वर्षांचा, पिकल्या काजूबोंडाच्या रंगाचा. त्याला न्यायचंच, असं म्हणून मी चौकशीला लागले, आणि तुमच्यापैकी कोणी हा विचार करत असेल तर हे नीट वाचा. युरोपात कुत्रा न्यायचा तर आधी मायक्रोचिप आणि मगच रेबीजची लस, हा क्रम चुकवून चालत नाही. आम्ही लस दरवर्षी न चुकता दिली होती, पण चिप नव्हती. म्हणजे पहिल्यापासून सुरुवात. लशीनंतर महिनाभराने रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचं आणि रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं. शिवाय सरकारी दाखला, मापाचा पिंजरा, विमानाचं मालभाडं. (नियम बदलतात. तुमचे तुम्ही तपासा, माझ्यावरही विश्वास ठेवू नका.)

मुंबईच्या एका एजंटाने फोनवर आकडा सांगितला, "डोअर टू डोअर तीन लाख चाळीस हजार, मॅडम. काळजीच करू नका." काळजी करू नका म्हणणाऱ्याची मला फार काळजी वाटते. कुठल्या दारापासून, असं विचारल्यावर कळलं की अंधेरीच्या त्याच्या ऑफिसच्या दारापासून. आम्हा दोघींची तिकिटं आणि व्हिसा मिळून याच्या निम्मेही होत नव्हते.

महेश व्हिडिओ कॉलवर शांतपणे म्हणाला, "बुरोंडीला आत्याकडे ठेवूया." इतक्या शांतपणे, की हे त्याने दिवाळीतच ठरवलं होतं याची मला खात्री पटली. शालनआत्या म्हणजे त्याच्या वडिलांची बहीण. आत्यांचे यजमान वारले, मुलगा मुंबईला, त्या एकट्याच असतात. त्यांनी एका वाक्यात होकार दिला, आणि तिथे माझ्या मनात पाल चुकचुकली. आमची आणि त्यांची थोडी जमीन सामाईक आहे, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं. घरातला माणूस परदेशी निघाला की कोकणात कोणीतरी हळूच हक्कसोडीचा कागद पुढे करतं. कुत्र्याच्या निमित्ताने सही मागणार असणार, असं मी धरून चालले.

इराला काही सांगायचं नाही, असं आम्ही ठरवलं. म्हणजे मीच ठरवलं. दोन दिवसांची सहल म्हणून न्यायचं, बोंडू तिथे रमला की सांगायचं. आत्यांनाही तोंडातून अवाक्षर काढू नका, असं महेशकडून बजावून घेतलं.

फेब्रुवारीतला शनिवार. सकाळी सातला आमच्या जुन्या छोट्या गाडीतून निघालो. आरे-वारेचा रस्ता सुरेख आहे, पण वळणांवर समोरच्याचा भरवसा धरू नका. गणपतीपुळ्यात चहा घेतला. डिकी उघडली तेव्हा इराने विचारलं, "दोन दिवसांना एवढं मोठं खाण्याचं पोतं कशाला?"

"मोठं स्वस्त पडतं," मी म्हटलं. तिने पोत्यावरचं वजन वाचून बघितलं. पोरगी माझीच आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

जयगडच्या जेट्टीवर फेरीबोटीला वीस मिनिटं थांबलो. गाडीचं तिकीट वेगळं, माणसांचं वेगळं, हातात दोनशे-तीनशे सुटे असू द्या. तिकीटवाल्याने काचेतून आत बघितलं.

"कुत्रा उतरनार नाय ना खाली?"

"नाही."

"मंग त्याचं तिकीट नाय."

तरी मी पावती दोनदा वाचली. बोट तवसाळला लागेपर्यंत बोंडू खिडकीतून नाक काढून माशांचा वास घेत होता आणि इरा त्याला बंदरातल्या क्रेन दाखवत होती. बाबा अशाच क्रेनवर चढतात, आपण तिकडे गेलो की तुलाही दाखवू, असं ती त्याला सांगत होती. मला फार वाईट वाटलं. तिथेच सांगायला हवं होतं. मी मोबाइलवर पुढचा रस्ता बघत बसले.

गुहागरला जेवलो. शाकाहारी थाळी, सोलकढी पुन्हा मागितली तर पैसे लावत नाहीत. आधी विचारून घेतलं होतं. मग धोपाव्याहून दुसरी फेरी, दाभोळ, आणि किनाऱ्याकिनाऱ्याने बुरोंडी. रस्ता अरुंद आहे, एस.टी. समोर आली की मागे यायची तयारी ठेवा. दोनच्या सुमारास पोचलो.

आत्या अंगणातच उभ्या होत्या. तोंडातून खरोखर अवाक्षर नाही. पण हातात पाण्याचा तांब्या, कुंकवाचा करंडा आणि भाकरीचा तुकडा.

"थांबवा त्याला. आत आनू नका अजून," त्या म्हणाल्या.

मी काही बोलायच्या आत त्यांनी बोंडूच्या पायांवर पाणी घातलं, कपाळावर कुंकू टेकवलं, भाकरतुकडा तीनदा ओवाळला आणि पाणंदीत लांब टाकला. बोंडू पळत जाऊन तो तुकडा खाऊन आला. इरा आधी हसली आणि मग एकदम हसायची थांबली. दोन वर्षांपूर्वी माझ्या माहेरी, लांज्याला, गाय विकत आणली तेव्हा माझ्या आईने हेच केलं होतं. तेव्हा तांब्या इराच्याच हातात होता. घरी कायमचं आलेल्या जनावराला असं ओवाळतात. पाहुण्या जनावराला कोणी ओवाळत नाही.

"आई, बोंडू इथेच राहणार आहे?"

"छे गं. आत्याआजींची आपली पद्धत आहे."

आत्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि तांब्या उचलून त्या आत गेल्या.

संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव बघायला गेलो. जरूर बघा, बोली फार भरभर चालते. इराने काहीच बघितलं नाही. पट्ट्याची दोरी मनगटाला तीन वेढे देऊन ती बोंडूला खेटून बसली होती.

परत आल्यावर स्वयंपाकघरात मी आत्यांना सरळ विचारलं, "तुम्हाला एवढा त्रास कशाला हवाय? मनात दुसरं काही असेल तर आत्ताच सांगा."

आत्या बांगड्याचं तिखलं ढवळत होत्या. "वांदरांनी परसात काय ठेवलेलं नाय गो. पपई गेली, शेगलाच्या शेंगा गेल्या. कुत्रा पायजेच होता." मग म्हणाल्या, "तुला काय वाटलं, सही मागेन?"

मी ताटं मांडायला घेतली.

"पोरीला अजून ठावं नाय?"

"सांगणार होते."

"कदी? गाडीत बसल्यावर?"

रविवारी सकाळी चहा झाल्यावर आत्यांनी सांगून टाकलं, "मी असा नाय घेनार. गाय घेतली तरी दावं धन्याच्या हातनं घ्यायचं असतं. ह्याचा धनी ती पोर हाय. तिनं दिला तर ठेवते. नायतर जा घेऊन."

पडवीत इराच्या शेजारी बसून मी सगळं सांगितलं. चिप, लस, तीन महिने, तीन लाख चाळीस. तिने मधे तोडलं नाही. मग दोनच प्रश्न विचारले.

"कधी ठरलं?"

"महिना झाला."

"बाबांना माहीत होतं?"

"हो."

त्यानंतर तिने मला काही विचारलं नाही. ती बोंडूला घेऊन आत्यांसमोर जाऊन उभी राहिली.

"तो झोपणार कुठे?"

"हितंच, पडवीत."

"बांधून?"

"पयले आठ दिस. मंग सुटा."

"त्याने कोंबडी खाल्ली तर?"

"एक खाल्लीन तर ओरडेन. दुसरी खाल्लीन तर दिसभर बांधीन."

"मारणार?"

"नाय."

"खरं?"

"माज्याकडं बग. नाय."

"तो फटाक्यांना घाबरतो. दिवाळीत आत घ्यायचा."

"घेईन."

इराने मनगटावरचे वेढे एकेक करून सोडले आणि दोरी आत्यांच्या हातात दिली. आत्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. बोंडूला यातलं काहीच कळलं नव्हतं, तो कोंबड्यांकडे बघत होता. मी रडले. इरा रडली नाही, ती आधीच गाडीत जाऊन बसली होती, मागच्या सीटवर.

परतीला फेरीचा रस्ता घेतला नाही. बोटीत तिच्यासमोर बसायची माझी हिंमत नव्हती. दापोली, खेड आणि तिथून महामार्ग. चिपळूणला वडापाव, कामं चालू असलेले पट्टे आणि धूळ धरून साडेपाच तास. पेट्रोल, दोन फेऱ्या आणि जेवण मिळून साडेतीन हजारांच्या आत सगळं बसलं. पोतं वेगळं. रस्ता म्हणून विचाराल तर अवश्य जा, पावसाळा सोडून कधीही.

घरी येऊन आता तीन आठवडे झाले. आत्या रोज एक फोटो पाठवतात. बोंडू परसात माकडांवर भुंकतोय, पडवीत पसरलाय, अंगाने थोडा सुटलाय. तिथे त्याचं बरं चाललंय, यावर मलासुद्धा शंका घेता येत नाही. इराही नीट आहे. जेवते, शाळेत जाते, माझ्याशी बोलते.

काल रात्री जेवताना मी तिला म्हटलं, "पुढच्या वर्षी मेमध्ये येऊ आपण, बोंडूला भेटायला. नक्की." ती "बरं" म्हणाली, ताट उचलून ठेवलं आणि आतल्या खोलीत गेली. थोड्या वेळाने तिचा आवाज आला. तिने महेशला फोन लावला होता.

"बाबा, पुढच्या वर्षी मेमध्ये आपण येणार आहोत का? आई म्हणते नक्की. खरंय का?"

तो हो म्हणाला असावा. मग तिने आत्यांना फोन लावला आणि त्यांनाही तेच विचारलं. मी बाहेर ओटा पुसत उभी होते. पुढे होऊन काही सांगावं, तर माझ्या सांगण्याचा तिला आता उपयोग नव्हता.