शेडमध्ये सांगायची कादंबरी

येरमाळ्याच्या आमच्या वाचनालयात तेरखेड्याची एक बाई यायची. फटाक्यांच्या शेडमध्ये जेवणाच्या सुट्टीत ती पुस्तक वाचायची आणि दारू भरताना तीच गोष्ट इतर बायकांना सांगायची.

नवं पुस्तक मागताना म्हणायची, "दचकवणारं नगं सर, लई हसवणारंबी नगं. हात हालला तर सगळ्याच जाऊ."

म्हणून मी संथ आत्मचरित्रंच द्यायचो. एकदा मात्र घाईत नवीकोरी रहस्यकादंबरी, "साधीच आहे," म्हणून दिली. मग आठवडाभर तेरखेड्याकडून आवाज आला की मी दाराबाहेर येऊन बघायचो.

ती आली. दारूने माखलेल्या तिच्या बोटांचे चंदेरी ठसे निम्म्या पुस्तकातच थांबले होते.

"तुमी वाचलं नव्हतं," ती शांतपणे म्हणाली. "दुसरं द्या."

कपाट उघडताना माझाच हात हालत होता.