अकराव्या रकान्यातली खूण

देवाची भांडी निम्मी घासून झाली होती. समई, निरांजन आणि ताम्हण चिंचेने लख्ख होऊन पाटावर पालथी होती. घंटा आणि पंचपात्री अजून काळपटच होती. देव परातीत बसून होते. वनिताताईंची सुट्टी मंगळवारी, म्हणून भांड्यांचा वारही मंगळवारच. बावीस वर्षं दवाखान्यात नोकरी झाली, पण हा नेम कधी मोडला नाही.

त्यांचे यजमान किशोरभाऊ खालापूरला कंपनीत जायला निघाले होते. दारातून बूट घालता घालता त्यांनी विचारलं, "पूजा झाली का गं?"

"झाली," वनिताताई म्हणाल्या.

भाऊंनी वाकून परातीत पाहिलं. "देव अजून आंघोळीलाच बसलेत, आणि तू म्हणतेस झाली!"

"अहो, तोंडाला सवय झालीय," असं म्हणून ताई हसल्या. भाऊ गेले, आणि ताईंचा चिंचेचा हात घंटेवरच थांबला. काल संध्याकाळच्या पाळीला त्यांनी अशीच एक 'झाली'ची खूण केली होती. जना नावाच्या पेशंटच्या फायलीवर.

भिसेगावात वनिताताईंना सगळे सिस्टरच म्हणतात. कर्जत-खालापूर रस्त्यावर एका ट्रस्टचा दवाखाना आहे, तिथल्या कॅज्युअल्टीत आणि तिला लागून असलेल्या वॉर्डात त्या असतात. शिरेत सुई लावावी तर त्यांनीच. नवे डॉक्टर दोनदा टोचून थकले की त्यांनाच हाक मारतात. उद्या घरी जाणाऱ्यांच्या फायली तयार करणं हे संध्याकाळच्या पाळीचं काम. प्रत्येक फायलीवर अकरा रकान्यांचा छापील कागद. ताप, नाडी, बीपी असं करत शेवटी 'मानसिक स्थितीची चौकशी केली'. हा रकाना दोन वर्षांपूर्वी आला, पण चौकशी करायची कोणी, ते त्याच्याबरोबर आलं नाही. डॉक्टरांना वाटलं, सिस्टर विचारतात. सिस्टरांना वाटलं, डॉक्टर. मनाचे डॉक्टर दर गुरुवारी पनवेलहून येतात. त्यांना वाटलं, आपल्याकडे विचारून झालेलेच पेशंट येतात. मग आपोआप एक रीत पडली. पाळी सुरू झाली की सगळ्या फायली पुढे ओढायच्या आणि अकराव्या रकान्यात ओळीने खुणा करून ठेवायच्या, मागाहून घाई नको म्हणून. ताईही तेच करत आल्या होत्या.

जना कोंडाण्याच्या वरच्या वाडीतली, वय बावीस-तेवीस. गवत मारायचं औषध पोटात गेलं म्हणून शनिवारी तिला आणलं. नवरा मंगळ्या म्हणाला, चुकून पाणी समजून प्यायली. तसंच लिहिलं गेलं. थोडंच गेलं होतं, तीन दिवसांत रक्ताचे रिपोर्ट बरे आले, म्हणून आज अकराच्या राउंडला तिला सोडणार होते. ज्या कागदावर सोडणार होते, त्यावरची अकरावी खूण ताईंच्या हातची होती, आणि ताईंनी जनाला एक शब्द विचारला नव्हता.

त्यांनी हात धुतले, परातीवर फडकं टाकलं, देवांना म्हणाल्या, "बसा जरा, आले." आणि नाक्यावरून सहा सीटर रिक्षा पकडली.

डॉक्टर साईराज राउंडलाच उभे होते. वर्षभरापूर्वीच लागलेला मुलगा, पण कामाला चोख. "सिस्टर, सुट्टीच्या दिवशी दवाखान्यात? हा पण एक आजारच आहे हं."

"जनाला सोडू नका, डॉक्टर."

"का? सगळं नॉर्मल आहे. हे बघा, अकरावासुद्धा. सही तुमचीच."

"सही माझी आहे. पण विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलंत?"

डॉक्टरांनी पेन खिशाला लावलं. "मला वाटलं तुम्ही… आणि खरं तर ते काम मनाच्या डॉक्टरांचं. ते गुरुवारी येतात."

"आज मंगळवार आहे. गुरुवारपर्यंत ते काम कुणाचं?"

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही विचारा. मी इथेच थांबतो."

पलंगावर जना गाठोडं मांडीवर घेऊन तयारच बसली होती. मंगळ्या घायकुतीला आला होता. "सिस्टर, सोडा ना आता. भाताची आवणी चालू हाय. एवढं टोचून झालं, आता बोलायचं बी हाय का?"

"हाय. तू जा, तिला चहा घेऊन ये. सावकाश आण, सांडू नको."

तो गेल्यावर ताईंनी पडदा ओढला आणि स्टूल पलंगाशी घेतलं. "जना, मी रागवणार नाय गं. मला खरं सांग. ते चुकून प्यायलीस, का जगायचंच नव्हतं?"

जनाने बराच वेळ गाठोड्याची गाठ चाचपली. "चुकून नाय," ती म्हणाली. "तीन दिस झालं, कुनी इचारलंच नाय. समदे हात धरून नाडी बघत व्हते."

चैत्रात तिचं सात महिन्यांचं पोर गेलं होतं. तेव्हापासून झोप नव्हती, रानात भाजी खुडायला गेली तर रिकामीच परत यायची. वाडीतल्या भगताने अंगावरून नारळ उतरवला, त्यानेही फरक पडला नाही.

"अजून वाटतं का तसं?"

"हितं नाय वाटत. घरी गेल्यावर काय म्हाईत. बाटली तितंच हाय, चुलीमागं."

मंगळ्या चहा घेऊन पडद्याबाहेरच थबकला होता. त्याने आत येऊन कप पलंगाजवळच्या कपाटावर ठेवला तेव्हा निम्मा चहा बशीत सांडला होता. "मला ठावं व्हतं," तो म्हणाला. "पन पोलीस धरतील म्हनून मी चुकून सांगितलं."

"नाय रं धरत," ताई म्हणाल्या. "आता कायदाच मानतो, की असं करणारा माणूस मोठ्या त्रासात असतो. पोलीस येतील, लिहून घेतील. पण खोटं सांगितलंस तर औषध अर्ध्याच दुखण्याचं होतं."

डॉक्टर साईराजांनी पनवेलला फोन लावला. मनाचे डॉक्टर फोनवरच जनाशी वीस मिनिटं बोलले. ताई तिचा हात धरून बसल्या. मग पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं: गुरुवारपर्यंत घरी सोडायचं नाही, एक मिनिट एकटी ठेवायची नाही, आणि ती घरी पोचायच्या आत बाटली घरातून गेली पाहिजे.

ताईंनी फाइल मागवली. मेट्रनबाईंना खाडाखोड खपत नाही, याबद्दल मेमो येणार हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी अकरावी खूण खोडली आणि बाजूला लिहिलं, 'काल विचारले नव्हते. आज विचारले. उत्तर: होय, धोका आहे.' खाली तारीख, वेळ, सही.

"मीपण करतो," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी शेजारी सही केली. मग हळूच, "आज सोडायच्या बाकीच्या फायली?"

"सात आहेत. तीन तुम्ही विचारा, चार मी आल्यावर विचारते."

"आल्यावर म्हणजे? कुठे निघालात?"

मंगळ्याला जनाजवळून हलता येणार नव्हतं. ताईंनी त्याच्याकडून घराची खूण विचारून घेतली, आयाबाईंकडून एक जाड पिशवी मागून घेतली. आता कोंडाण्याच्या वरच्या वाडीला जायचं आणि जनाच्या चुलीमागची बाटली घेऊन यायची.